असेल तर

मनुका निवडताना तोंडानं भजन म्हणायचं, असा मार्थाबाईंचा नियम होता. गाणाऱ्या तोंडाला खाता येत नाही, एवढाच त्यातला हिशेब. भिंतीपलीकडच्या कोठीत बाई तांदूळ पाखडत बसायच्या आणि कान आमच्याकडं लावून ठेवायच्या. आवाज थांबला की तिकडून विचारणा व्हायची, "कडवं संपलं की काय गं?"

बाई हुशार होत्या, पण त्यांना एक गोष्ट माहीत नव्हती. मला ओठ मिटून गुणगुणता यायचं. तबिथा पाण्याची घागर भरायला आडावर गेली आणि मी एक मूठ तोंडात टाकली. गाल फुगवून मी अख्खं कडवं गुणगुणले. कोठीतून काहीच हाक आली नाही, तेव्हा दुसरी मूठही टाकली. खोटं कशाला सांगू, त्या मनुकांची चव अजून जिभेवर आहे. काजूसारख्या टपोऱ्या होत्या.

हे सोनखेड्याच्या मिशन बोर्डिंगातलं, मार्थाबाई तिथल्या मेट्रन. मी पंधरा वर्षांची, शुलमीत हिवाळे. पण एवढं लांब नाव कोण घेणार, सगळ्या मला शुल्लाच म्हणायच्या. माझे आण्णा तिथल्याच शाळेचे हेडमास्तर आणि चर्चच्या मंडळीचे पंच; घर जवळ असूनही त्यांनी मला बोर्डिंगातच ठेवलं होतं. तबिथा रणपिसे माझ्याहून वर्षानं मोठी. तिचा बाप लाजरस रस्त्यावर खडी फोडायचा, आई नव्हती. पंगतीत आणि वर्गात आम्ही शेजारी बसायचो. उवाही एकमेकींच्या काढायचो.

मनुका होत्या पुनरुत्थानाच्या सणाच्या, म्हणजे ईस्टरच्या, प्रभुभोजनासाठी. आमच्या मंडळीत दारू चालायची नाही, म्हणून मनुका भिजवून, उकळून, फडक्यातून गाळून रस करायचे. सणाला आठ दिवस असताना पुडा यायचा आणि त्याचे देठ काढून निवडण्याचा मान त्या वर्षी मंडळीत दाखल होणाऱ्या मुलींना मिळायचा. त्या वर्षी आम्ही सात जणी होतो, आणि त्या शनिवारी पाळी माझी आणि तबिथाची होती. दाखल व्हायचं म्हणजे सगळ्या मंडळीपुढं उभं राहायचं, देवळातले पाळकसाहेब विचारतील त्याला उत्तर द्यायचं आणि मग आयुष्यात पहिल्यांदा प्रभूच्या मेजाशी बसून भाकर आणि तो रस घ्यायचा. त्या दिवशी पहिली साडीही नेसायची, पांढरी. लाजरसदादांना तबिथानं दोन महिने आधीच पत्र धाडलं होतं. तिच्या घराण्यात मंडळीपुढं उभं राहून बोलणारी ती पहिलीच.

निवडलेल्या मनुका बाई दर वर्षी एकाच पितळी वाडग्यात भरायच्या. त्या काठापर्यंत यायच्याच. त्या दिवशी बोटभर कमी आल्या.

बाईंनी वाडग्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. विचारलं, "तू खाल्ल्यास?"

मी "नाही बाई" म्हटलं. इतकं पटकन म्हटलं की माझं मलाच नवल वाटलं.

"मग तबिथानं?"

"मी पाहिलं नाही बाई, पण..."

बस, एवढंच. त्या "पण"च्या पुढं मी काहीही बोलले नाही. नंतर स्वतःची समजूत घालायला मला ते फार उपयोगी पडलं, की बाई गं, तू कुठं तिचं नाव घेतलंस? पण शब्द लहान असला म्हणून काम लहान करतो असं थोडंच आहे.

तेवढ्यात तबिथा घागर घेऊन आत आली. बाईंनी तिला सरळच विचारलं, मनुका खाल्ल्यास का. मला वाटलं, आता ही "नाही" म्हणेल आणि बाई दोघींना झोडपतील, म्हणजे निदान अर्धं पाप वाटून जाईल. पण ती बोलेचना. घागर कमरेवर तशीच, नजर पायाच्या अंगठ्यावर. बाईंनी पुन्हा विचारलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तोंडातून शब्द नाही.

बाई ओरडल्या नाहीत. त्या फार शांतपणे म्हणाल्या, की प्रभूच्या मेजावरचं चोरून खायचं आणि आठ दिवसांनी त्याच मेजाशी बसायचं, हे व्हायचं नाही. यंदा तिनं थांबावं, पुढल्या वर्षी पाहू. यादीतून तिचं नाव गेलं. लाजरसदादांना कळवायला पत्र पोचण्याइतके दिवस नव्हते, ते सणाला चालत येणारच होते.

आता बोर्डिंगातली एक रीत सांगायला हवी, कारण खरी गोष्ट तिथंच आहे.

संध्याकाळी दिवे लागायच्या आत पंगत बसायची. भाकरी वाढून झाली की कुणी हात लावायचा नाही. आधी प्रत्येकीनं आपल्या डाव्या हाताच्या मुलीकडं वळायचं आणि म्हणायचं, "बहिणी, आज माझं चुकलं असेल तर क्षमा कर." तिनं म्हणायचं, "क्षमा आहे." मग तिनं तिच्या डावीकडं. असं करत करत पंगतीच्या शेवटच्या मुलीनं बाईंना म्हणायचं आणि बाईंनी पहिल्या मुलीला. चाळीस जणींचं झालं की प्रार्थना, मग जेवण. बाईंनी ही रीत फार मनानं घातली होती. दिवसाचा मळ दिवसाच धुवावा, उद्यावर ठेवू नये, असं त्या म्हणायच्या. पण भूक लागलेल्या चाळीस पोरी त्या वाक्याचं काय करतील? "भणीआजमाझंचुकलंसेलतरक्षमाकर." "क्षमाय." अडीच मिनिटांत पंगत मोकळी. आम्ही त्याला "चुकलंसेल" म्हणायचो. "चल गं, चुकलंसेल व्हायचंय, आमटी निवतेय."

माझ्या डाव्या हाताला तबिथा बसायची.

त्या शनिवारी संध्याकाळी मी तिच्याकडं वळले आणि रोजच्यासारखं भडाभडा म्हणून टाकलं. ती म्हणाली, "क्षमा आहे." मला केवढं हलकं वाटलं म्हणून सांगू. तिनं क्षमा केली, पंगतीसमक्ष केली, झालं की. रविवारी तेच, सोमवारी तेच. मी दोन भाकरी जास्त खाल्ल्या असतील त्या दिवसांत.

बुधवारी मी नेहमीसारखं म्हटलं आणि ती थांबली. माझ्याकडं न बघता, अगदी हळू म्हणाली, "कशाची?"

मी म्हटलं, "अशीच. रोजची."

"बरं," ती म्हणाली. "क्षमा आहे."

त्या दिवसापासून मात्र माझं अन्न गोड लागेना. तिला माहीत आहे की नाही, हेच कळेना. माहीत असेल तर बाईंना सांगत का नाही? आणि नसेल तर विचारलं कशाला? उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, उपासनेत सगळे रडत होते, मीही रडले. पाळकीणबाईंनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला, की पोर किती भाविक. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सांगायचं धाडस होत नव्हतं, कारण आण्णा पंच होते आणि माझी पांढरी साडी घरी इस्त्री होऊन बसली होती. शिवाय पाळकसाहेबांच्या प्रश्नाचं उत्तर मी पाठ करत होते. प्रश्न होता, आपल्या पापांचा तू पश्चात्ताप केला आहेस काय? उत्तर, होय, केला आहे. आम्ही सहाही जणी विहिरीवर धुणं धुताना ते एकमेकींकडून म्हणवून घ्यायचो. तबिथा बाजूला बसून चादरी पिळायची.

शनिवारी दुपारी लाजरसदादा आले. मी शाळेची पायरी झाडत होते, म्हणून आधी मलाच भेटले. नडगीपर्यंत पाय धुळीनं भरलेले, डोक्याला नवं मुंडासं, काखेत कागदाचा पुडा.

"सलाम, पोरी. तू शुल्लाच ना? तबी लई सांगती तुझं." मग त्यांनी पुडा पुढं केला. "माझं हात मळकं हाईत. तूच उघडून बघ. बरी हाय का?"

मी उघडला. पांढरी साडी, निळ्या बारीक काठाची. ती त्यांनी कशी घेतली असेल ते मला विचारवेना. माझ्या साडीपेक्षा ती जाड होती आणि माझ्या साडीपेक्षा तिची घडी कितीतरी जपून घातलेली होती.

"उद्या तुमी दोघी शेजारी उभ्या ऱ्हानार ना? म्हंजे मला मागनं वळखाया बरं."

मी "हो" म्हटलं. आठ दिवसांतलं माझं दुसरं खोटं. ते पायरीवर बसून हसत राहिले आणि मी झाडू तिथंच टाकून आत पळाले.

संध्याकाळी पंगत बसली. लाजरसदादा बाहेर पडवीत बाईंच्या बोलावण्याची वाट पाहत होते. बाईंनी त्यांना जेवणानंतर सारं सांगायचं ठरवलं होतं. तबिथानं त्यांना काहीच सांगितलं नव्हतं. तिचे डोळे सुजलेले होते. उजवीकडून "चुकलंसेल" गडगडत येत होतं आणि माझ्यापर्यंत आलं. मी "क्षमा आहे" म्हटलं आणि डावीकडं वळले.

"बहिणी, आज माझं चुकलं..."

पुढचे दोन शब्द तोंडातून निघेनात. हजार वेळा म्हटलेले शब्द, झोपेतही म्हटले असते. "असेल तर" म्हणायला गेले की घशात अडकायचं. पंगत थांबली. तबिथाच्या पलीकडची शाबाई कुजबुजली, अगं म्हण ना, भूक लागलीये.

मी म्हटलं, "तबे, माझं चुकलं. आज नाही, मागल्या शनिवारी. मनुका मी खाल्ल्या. दोन मुठी. बाईंना मी खोटं सांगितलं."

मला वाटलं, आता बाईंची छडी येणार. ती आलेली मला चालली असती. पण बाई जागच्या उठल्या आणि तबिथासमोर येऊन खाली बसल्या, भाकरीच्या पिठाच्या हातानं.

"मग तू बोलली का नाहीस गं?"

तबिथा म्हणाली, "तुम्ही विचारलंत, खाल्ल्यास का. मी दोन खाल्ल्या होत्या बाई. दोन कडव्यांच्या मध्ये. नाही म्हटलं असतं तर खोटं झालं असतं. आणि हो म्हटलं असतं तर एवढ्या सगळ्या माझ्याच नावावर आल्या असत्या, तेही खोटंच. मला काय म्हणावं ते सुचेना."

दोन मुठी नव्हे, दोन मनुका. मी मान खाली घातली ती वर करवेना.

बाईंनी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "तबिथा, माझं चुकलं. किती खाल्ल्यास, हे मी विचारलंच नाही. खडी फोडणाऱ्याची पोर आहे, भुकेली असेल, म्हणून मी आधीच ठरवून टाकलं होतं. मला क्षमा कर."

तबिथा घाबरली. बाईंना कसं म्हणायचं, म्हणून तिनं नुसती मान हलवली आणि रडत रडत म्हणाली, "क्षमा आहे, बाई."

मग सगळ्यांच्या माना माझ्याकडं वळल्या. माझंही आता होईल म्हणून मी तोंड वर केलं. तबिथानं डोळे पुसले, माझ्याकडं नीट पाहिलं आणि म्हणाली, "तुला आज नाही. उद्या विचार."

असं उत्तर त्या रीतीत नव्हतंच. क्षमा मिळाल्याशिवाय भाकरीला हात लावायचा नाही हा नियम होता, म्हणून पोरी बाईंच्या तोंडाकडं बघू लागल्या. बाई म्हणाल्या, "जेवा मुलींनो. तिला वेळ लागेल." आणि पदर खोचून त्या तडक पाळकसाहेबांकडं गेल्या.

दुसऱ्या दिवशी तबिथा निळ्या काठाची साडी नेसून उभी राहिली. मी बाकावर बसून होते. मला कुणी बस म्हटलं नव्हतं. बाई तर सकाळी म्हणाल्या होत्या, की आता तू तयार झालीस, जा. पण जिनं अजून क्षमा केलेली नाही तिच्या शेजारी उभं राहून "होय, केला आहे" कसं म्हणणार? आण्णा पंचांच्या बाकावरून एकदा मागं वळले, मला बसलेली पाहिलं आणि पुन्हा वळले नाहीत. त्यांची मान मागून तांबडी झालेली दिसत होती. रसाचं तबक माझ्यापुढून गेलं. मनुकांचा वास आला. मी हात मांडीवर दाबून धरले. मागच्या रांगेत लाजरसदादा नाक शिंकरत होते, आणि तबिथाचं "होय, केला आहे" अख्ख्या देवळाला ऐकू गेलं.

दुपारी आण्णांनी मला शाळेत बोलावून सगळं ऐकून घेतलं. रागावले नाहीत. स्वतः लाजरसदादांकडं गेले आणि म्हणाले, माझ्या मुलीमुळं तुमची मुलगी आठ दिवस चोर ठरली. लाजरसदादांना ते तोवर ठाऊकच नव्हतं. त्यांनी मला जवळ बोलावून एवढंच विचारलं, "म्हंजे काल साडी उघडली तवा तुला ठावं व्हतं?" मी हो म्हटलं. ते उठून तबिथाकडं गेले. मला त्या दिवशी जे काही मिळालं त्यात तेच सगळ्यात जास्त लागलं.

सोमवारी बाईंनी पंगतीत जाहीर केलं, "उद्यापासून 'असेल तर' बंद. मी रीत घातली तेव्हा ते नव्हतंच. कुणी घातलं, माहीत नाही. मीही म्हणत आले." झालं, पोरींची पंचाईत. "असेल तर" काढलं की काय चुकलं ते सांगावं लागतं. तुझा कंगवा न विचारता घेतला. तुझ्या वहीत शाई मीच सांडली. तू पडलीस तेव्हा मी हसले. पहिल्या दिवशी पंगत पाऊण तास चालली आणि आमटीवर साय धरली. लहान मुली दिवसा एखादं चुकीचं काम करायच्या आधी थबकायच्या, कारण संध्याकाळी ते मोठ्यानं सांगावं लागणार. बाई थंड आमटी निमूट खायच्या.

आणि मी रोज तबिथाकडं वळून म्हणायचे, मनुका मी खाल्ल्या, खोटं बोलले, तुझ्या दादांनाही फसवलं, क्षमा कर. ती रोज म्हणायची, "उद्या विचार." दिवसभर ती माझ्याशी नीट वागायची, गणितं सांगायची, वेणीही घालून द्यायची. फक्त संध्याकाळी तेवढं एक वाक्य. आठवडा गेला, दुसरा गेला. कधी मला तिचा राग यायचा, की किती ताणशील. मग दुसऱ्या दिवशी तोही राग सांगावा लागायचा.

एकोणिसाव्या दिवशी, सुट्टीला घरी जायच्या आदल्या संध्याकाळी, मी वळले आणि म्हटलं. ती म्हणाली, "क्षमा आहे."

माझा विश्वास बसेना. मी म्हटलं, काय म्हणालीस? तिनं पुन्हा म्हटलं. मला रडू आलं, भाकरीवर टिपं पडली. आता ती डावीकडं वळणार म्हणून सगळ्या वाट बघत होत्या. ती वळलीच नाही. रीत मोडून ती उजवीकडं, माझ्याकडंच तोंड करून बसली.

"शुल्ले, माझं चुकलं. पहिले चार-पाच दिवस खरंच जमत नव्हतं. मनात यायचंच नाही. पण मग जमायला लागलं होतं आणि तरी मी दिलं नाही. तू रोज माझ्यापुढं मान खाली घालून विचारायचीस ना, हेडमास्तरांची मुलगी... मला ते बरं वाटायला लागलं होतं. चौदा दिवस मी तुला उगाच थांबवलं. क्षमा कर."

बाई पळी हातात धरून उभ्या. मी डोळे पुसले, नाक पुसलं, तिच्याकडं नीट पाहिलं आणि म्हटलं, "आज नाही. उद्या विचार."

क्षणभर तिला कळलंच नाही. मग ती अशी हसत सुटली की तिच्या ताटातली आमटी कलंडली. मी हसले, शाबाई हसली, हसू डावीकडं सरकत बाईंपर्यंत पोचलं आणि बाईही पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. त्या दिवशी उरलेल्या पोरींचं राहूनच गेलं.

पण तबिथानं दुसऱ्या दिवशी खरंच विचारलं. गाडीत चढता चढता, ट्रंक एका हातात धरून. मी "क्षमा आहे" म्हटलं. पुढल्या वर्षी मी दाखल झाले. पाळकसाहेबांनी विचारलं, पश्चात्ताप केला आहेस काय, तेव्हा पाठ केलेलं उत्तर माझ्या तोंडात आलं नाही. मी म्हटलं, "होय, करते." ते "केला आहे"ची वाट बघत थांबले. मी पुन्हा तेच म्हटलं. मग ते पुढच्या मुलीकडं गेले.

आता मी जालन्यात आणि ती नगरला. गुडघे दोघींचे गेलेत. संध्याकाळी जेवायच्या आधी तिचा फोन येतो. काल मी तिला सांगत होते, की आज भाजीच्या मिठावरून सुनेला टोचून बोलले, उगाच.

"तिला सांगितलंस?"

"नाही अजून."

"मग मला काय सांगत बसलीयेस," ती म्हणाली. "फोन ठेव."

मी ठेवला आणि स्वयंपाकघरात गेले.